खुर्चीची व्याख्या

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. पत्र माझेच आहे. अक्षर ओळखू येणार नाही; त्याचे कारण शेवटी दिले आहे, आणि शेवट आधी वाचण्याची तुझी जुनी सवय या खेपेस आवरावी. तुझी कंबर कशी आहे? माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे तुझ्या यजमानांना, हल्ली कितपत ऐकू येते? (मागच्या भेटीत मी त्याला तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींना त्याने "हो" असे उत्तर दिले. त्यांतले दोन परस्परविरोधी होते.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "हं, देते त्यांना" इतकेच म्हणतेस, फोन त्याच्या हाती जातो आणि मग वर सांगितलेली तीन उत्तरे येतात. एकोणीस वर्षांत आपण नणंदा-भावजया हवामानापलीकडे एकमेकींशी काही बोललेलो नाही. हवामान इकडे ठीक आहे. तो विषय संपला.

शाळा तुझ्या ओळखीची आहे. साडेचार वर्षे तू तिथे चित्रकला शिकवलीस, तेव्हा इमारतीच्या वर्णनात शाई घालवत नाही. लिफ्ट बसवणार असल्याचे अजून सांगितले जाते. मी अजून पर्यवेक्षिका आहे, चार महिन्यांनी निवृत्त होईन. मुले मला अजून 'म्हणून-बाई' म्हणतात (माझ्या दर दुसऱ्या वाक्याच्या आरंभी 'म्हणून' असते, अशी त्यांची तक्रार, ती खरी आहे, म्हणून मी नाकारत नाही). आणि वर्गांत अजून खुर्च्या नाहीत.

का नाहीत, हे तुला ठाऊक आहे. तरी क्रमाने सांगते, कारण क्रम सोडला की माणूस सोयीचे तेवढेच आठवतो. वीस वर्षांपूर्वी भूगोलाचे एक मास्तर सातवीच्या वर्गात खुर्चीवर झोपले. तपासणी अधिकारी दाराशी आले तेव्हा आत इतकी शांतता होती की त्यांनी आपल्या वहीत 'आदर्श वर्गशिस्त' असे लिहिले. पहिल्या बाकावरच्या मुलीने ओठांवर बोट ठेवून "सर झोपलेत" असे सांगितल्यावर ते खोडले. संस्थेने माझ्याकडून टिपण मागवले. मी उमेदीत दोन वर्षे तर्कशास्त्र शिकलेली होते आणि ते वापरायला आयुष्याने मला कधी जागा दिली नव्हती. मी सात पाने दिली. बसलेला शिक्षक झोपू शकतो, उभा शिक्षक झोपू शकत नाही, म्हणून शिक्षकाने उभे राहावे. (उभा शिक्षकही झोपू शकतो, हे इतिहासाच्या मास्तरांनी पुढे सिद्ध करून दाखवले, पण तोवर नियम झाला होता.) नियम दोन वाक्यांचा: वर्गात खुर्ची ठेवली जाणार नाही. यास अपवाद नाही. दुसऱ्या वाक्याचा मला विशेष अभिमान होता. खुर्ची म्हणजे नेमके काय, असा वाद कोणी काढू नये म्हणून तळटीपेत व्याख्याही दिली होती: 'जिच्यावर शिक्षक टेकू शकेल अशी कोणतीही वस्तू.' पळवाट राहू नये हा हेतू. पळवाट राहिली नाही. चौतीस खुर्च्या जिन्याखालच्या खोलीत गेल्या आणि नियम तळटीपेसकट, खाली माझ्या नावासह, चौकटीत बसून मुख्याध्यापकांच्या भिंतीवर गेला.

आता गणिताच्या बाई. वय अठ्ठावीस, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, सातवा महिना. तीन वर्षे तात्पुरत्या आहेत. वर्षअखेरीस, म्हणजे आजपासून सहा आठवड्यांनी, कायम होतील. कायम झालेल्या बाईंना बाळंतपणाची रजा मिळते. तात्पुरत्या बाईंनी तीच रजा घेतली तर सेवेत खंड पडतो आणि तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. घरात सध्या मिळवते माणूस त्या एकट्याच. म्हणून त्यांनी तोवरचे दिवस काढायचे ठरवले, आणि मुलाला याविषयी कोणी काही विचारले नाही. पाय सुजले, रक्तदाब चढला, डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली: शिकवायचेच असेल तर बसून शिकवा. रोजचे तास सहा, चाळीस मिनिटांचे. त्यांतले चार तिसऱ्या मजल्यावर. वेळापत्रक मी करते, तेव्हा ते खाली आणता येतात का तेही पाहिले. खालच्या वर्गांचे गणित ज्या बाई घेतात त्यांच्या गुडघ्यांनाही डॉक्टर आहे, आणि त्या कायम आहेत.

चिठ्ठी घेऊन त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. आमचे मुख्याध्यापक सज्जन आहेत. कोणतेही काम न करण्यासाठी त्यांना एवढे एकच कारण पुरते. "अहो, मी आत्ता माझी खुर्ची उचलून देईन तुम्हाला," ते म्हणाले, "पण तो नियम आहे ना, चौकटीतला." मग त्यांनी मला बोलावले. "बाई, तुमचंच आहे हे. बघा ना, कुठे एखादी फट सापडते का." मी मान वर करून माझेच लिखाण पहिल्यापासून वाचले आणि म्हणाले, "नाही." उत्तर अचूक होते. (अचूक उत्तर दिल्याचे समाधान मला जिना उतरेपर्यंत पुरले.)

पुढचे तीन आठवडे साऱ्या शाळेने एका बाईला बसवण्याचा प्रयत्न केला आणि माझ्या तळटीपेने तो रोज हाणून पाडला. प्रयोगशाळेच्या मास्तरांनी स्टूल वर नेले. "याला पाठच नाही, बाई. पाठ नाही ती खुर्ची कशी?" मुख्याध्यापकांनी 'टेकू शकेल' या शब्दांवर बोट ठेवले, स्टूल खाली आले. खिडकीचा कट्टा झाला, उलटी बादली झाली, टेबलाची कड झाली (टेबलाने त्या दिवशी एक पायही सोडला). गणिताच्या बाईंनी स्वतः सुचवले, "मी शेवटच्या बाकावर बसून शिकवते ना. बाक मुलांचं असतं." दोन दिवस त्यांनी तसे शिकवले, फळा पुढे आणि बाई मागे, त्यामुळे साठ मुले टेनिसचा सामना पाहिल्यासारखी माना फिरवत होती, आणि मागच्या बाकावरची टवाळ मंडळी आयुष्यात प्रथमच बीजगणित करत होती. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांची फेरी आली. ग्रंथपालांनी मला मधल्या सुट्टीत गाठले. "बाई, जमिनीवरही शिक्षक टेकू शकतो. म्हणजे जमीनही खुर्चीच. तीही वर्गातून काढावी लागेल." तर्क निर्दोष होता. मी तसे त्यांना सांगितले, आणि जमीन काढण्याचा विषय मंडळापुढे ठेवायचा असल्यास रीतसर अर्ज करा, असेही सांगितले. आपण विनोद केला हे मला नंतर लक्षात आले. त्यांच्या ते आलेच नाही. ते अर्ज लिहायला बसले.

स्टाफरूममध्ये खुर्च्या आहेत, आणि त्यांवर बसून सगळे उभे राहण्याचे फायदे सांगत. "हालचाल हवी, मॅडम, सुटका लवकर होते," असे कवायतीचे मास्तर म्हणाले. (यांची तिन्ही मुले यांच्या बायकोला झाली.) एक बाई म्हणाल्या, "मी तर बाई आठव्या महिन्यापर्यंत तीन जिने चढत होते." दुसऱ्या म्हणाल्या, "आठव्या? मी नवव्या." तिसऱ्या म्हणाल्या, "मला तर कळा येत होत्या आणि मी पेपर तपासत होते. एकाही बेरजेत चूक नाही." हा चढा भाव असाच गेला असता तर कोणीतरी फळ्यापाशी बाळंत होऊन पुढचा तास घेतल्याचे ऐकावे लागले असते, सुदैवाने घंटा झाली. गणिताच्या बाई कोपऱ्यात वह्यांच्या गठ्ठ्यावर पाय ठेवून बिस्कीट खात होत्या. त्यांनी बिस्कीट संपवले, चपलेत पाय घालायला दोनदा प्रयत्न केला, आणि वर गेल्या.

इथे माझी एक चूक नोंदवते. फेरी मारताना मला नववी ब चा अख्खा वर्ग उभा दिसला. साठच्या साठ मुले, हातात वह्या, उभ्याने उदाहरणे सोडवताहेत, आवाज नाही. मी वर्गातल्या पाहणीच्या वहीत शेरा दिला: 'संपूर्ण वर्गास शिक्षा. अंमलबजावणी चोख. शिस्त उत्तम.' दुसऱ्या दिवशी वर्गप्रमुख मुलगी मला जिन्यात भेटली. "बाई, तुम्ही शिक्षा लिहिलंय. शिक्षा नव्हती ती." मग काय होते, असे मी विचारले. "आमच्या बाईंना बसता येत नाही. म्हणून." मुलगी चौदा वर्षांची आहे. तीस वर्षे मी तो शब्द वापरते आहे. इतक्या योग्य जागी मला तो कधी ठेवता आलेला नाही. शेरा मी खोडला. शाई दुसरी होती, म्हणून खोडलेलेच आता जास्त दिसते.

गेल्या सोमवारी, चौथ्या तासाला, दहावी अ मध्ये, गणिताच्या बाई समीकरण सोडवता सोडवता खाली गेल्या. खडू हातातच होता. बरोबरच्या चिन्हापासून एक पांढरी रेघ निघाली आणि फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत आली. मी पोचले तेव्हा मुलांनी त्यांच्या डोक्याखाली दप्तरे सारली होती आणि एक जण वहीने वारा घालत होता. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखले आणि म्हणाल्या, "बाई, मी बसले नव्हते. पडले. खंड नाही ना पडत?" नाही, असे मी सांगितले. पडण्याविषयी नियमात काही नाही. दवाखान्यात मी बरोबर होते. बाळाचे ठोके सापडायला त्यांना वेळ लागला. किती लागला ते मी घड्याळात पाहिले आहे, पण लिहीत नाही. सापडले. डॉक्टरीणबाई मला त्यांची आई समजल्या आणि मला खूप बोलल्या. "आणखी एकदा अशा उभ्या राहिल्या तर मी दोघांपैकी कोणाचीच हमी देणार नाही. कळतं की नाही तुम्हाला घरच्यांना?" मी दुरुस्ती केली नाही. किरकोळ रजा दोनच दिवसांची शिल्लक होती. गुरुवारी त्या पुन्हा जिन्यात. फळ्यावरची रेघ मुले पुसू देत नाहीत. बाकीचे मास्तर तिच्या डाव्या-उजव्या बाजूला लिहितात.

तेव्हापासून त्यांचे तिसऱ्या मजल्यावरचे चार तास मी घेते आहे. हजेरीपत्रकात मात्र नाव त्यांचेच लागते. (शाळेच्या कागदांत खोटी नोंद करण्याची ही माझी पहिलीच वेळ.) मला बीजगणित येत नाही. मुले मला शिकवतात आणि बरीच सहनशील आहेत. कालच्या उदाहरणात मला उत्तर म्हणून उणे सात विद्यार्थी मिळाले, तरी कोणी हसले नाही. उरलेले दोन तास त्यांना उभ्याने काढावे लागतात, कारण त्याच वेळी मुख्याध्यापक फेरीला निघतात. हे प्रकरण उघडकीस आले तर ते चार तास त्यांची गैरहजेरी धरली जाईल आणि खंड पडेलच. म्हणजे मी केलेला उपाय सापडला तर आजाराइतकाच वाईट आहे.

पुढच्या शुक्रवारी, आजपासून बाराव्या दिवशी, मंडळाची सभा आहे. मुख्याध्यापकांनी खुर्चीचा विषय ठेवला आहे आणि तो पडणार असल्याचेही आधीच सांगून ठेवले आहे. "मंडळ विचारणार, बाई, वीस वर्षांत कोणी खुर्ची मागितली? एकही अर्ज नाही. म्हणजे गरजच नव्हती. आता एकीला पडली, तर ती तिची घरची अडचण." मी म्हणाले की अर्ज नाही यावरून गरज नव्हती असे निघत नाही, फार तर तो नोंदला गेला नाही एवढेच निघते. "मग दाखवा ना एक तरी," ते म्हणाले. सज्जन माणसाने विचारावा तसा विचारलेला प्रश्न. मी वीस वर्षांची आवक नोंदवही शेवटच्या पानापर्यंत पाहिली. पंखे आहेत, गळती आहे, कबुतरांविषयी सहा अर्ज आहेत. खुर्चीविषयी एकही नाही. तो नसणारच, हे पहिले पान उघडतानाच मला माहीत होते.

असो. पत्र लांबले. कंबरेला गरम पाण्याने शेकत जा. भावाला आशीर्वाद सांग, मोठ्याने. उत्तराची घाई नाही.

तुझी,
थोरली नणंद

ता. क. उत्तराची घाई आहे. एकोणीस वर्षांपूर्वी, पाचव्या महिन्यात, तू चित्रकलेच्या जाड कागदाचा चतकोर फाडून त्यावर हिरव्या शाईने मला एक अर्ज दिला होतास. चार ओळींचा होता. मी तो आवक नोंदवहीत घेतला नाही. नियमाला वर्षही झाले नव्हते, आणि पहिलाच अपवाद सख्ख्या भावाच्या बायकोसाठी केला असे लोक म्हणतील, हे माझे कारण. त्याच कागदाखाली 'अपवाद केल्यास नियम उरत नाही. अर्ज परत.' असा शेरा लिहून, सही आणि तारीख घालून तुझ्या हाती दिला. अकराव्या दिवशी दवाखान्यातून तुझा राजीनामा आला. तो मी नोंदला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असे आहे. ते अक्षर माझे. (वर 'पहिलीच वेळ' म्हटले आहे, ते चूक. दुसरी.) भाऊ एकदा बोलता बोलता म्हणाला होता की तो कागद तू कपाटातल्या अंथरलेल्या कागदाखाली ठेवला आहेस आणि आवराआवरीत दर वेळी काढून पुन्हा तिथेच ठेवतेस. मला तो कागद हवा आहे. मूळच पाठव, नक्कल दाखवली तर मुख्याध्यापक सही खरी की खोटी यावर सभा संपवतील. सही खरी आहे असे मी सभेत सांगेन, आणि शेरा वाचूनही दाखवेन. निवृत्तीला चार महिने उरलेल्या बाईचे ते काय करतील? माझे नाव चौकटीतून काढतील. ते मीच सुचवणार आहे.

ता. क. दुसरा. तुझ्या मनात येईल की एवढ्या वर्षांत एक शब्द नाही, आणि आता कागद हवा म्हणून आठ पाने. आक्षेप मान्य आहे. खुर्ची दिली असती तर तुझे मूल राहिले असते, असे सिद्ध करता येत नाही. हे वाक्य तर्काला धरून आहे. एकोणीस वर्षे मी त्याच्यावर टेकून आहे, म्हणजे माझ्याच व्याख्येप्रमाणे ती माझी खुर्ची झाली. तुला तेव्हा खुर्ची द्यायला हवी होती. पाकिटात नुसता कागद घातलास तरी चालेल, पत्र नको. आणि कागद द्यायचा नसेल तर तेही मला समजेल. मात्र तेवढे सभेआधीच्या बुधवारच्या आत कळव, म्हणजे मी सभेत कागदाशिवाय, नुसत्या तोंडाने सांगेन. त्याचा पुरावा म्हणून उपयोग होणार नाही. तरी सांगेन.

ता. क. तिसरा. अक्षराचे कारण. आज रविवार आहे आणि घरात मी एकटी. हे पत्र कपाटाच्या वरच्या फळीवर कागद ठेवून, उभ्याने लिहिले आहे. घड्याळ लावून, चाळीस-चाळीस मिनिटांचे सहा तास, मध्ये शाळेत सुटते तेवढीच सुट्टी. तिसऱ्या तासाला टाचा गेल्या, चौथ्याला कंबर. पाचव्याला वरचा दुसरा ता. क. तीनदा खोडला. जिन्याखालच्या खोलीतून काल एक खुर्ची आणून धुऊन ठेवली आहे. पाठीमागे पांढऱ्या रंगात 'चित्रकला' लिहिलेले आहे, तीच. ती समोर आहे. मी बसलेले नाही. अर्थात या प्रयोगात दोष आहे: मी एकटीच उभी आहे. सहावा तास संपायला अजून अकरा मिनिटे आहेत आणि सांगण्यासारखे काही उरलेले नाही. म्हणून नुसती उभी आहे.